पंचविसावा बोल्ट

चकाकतं ते मजबूत असतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं? खरं बोला. गाडीत चढताना तुम्ही काय बघता? बाहेरचा रंग बघता, आत कुठली गाणी लागलीत ते ऐकता, खिडकीची जागा धरायला धक्काबुक्की करता. पण ती गाडी ज्या चाकांवर उभी आहे ती चाकं कशानं धरून ठेवलीत, हे कधी वाकून बघितलंय? नाही ना? मग जरा गप बसा आणि कटुंगेची गोष्ट ऐका. ती बघणाऱ्यांतली. आयुष्यात एकदाच तिनं बघायचं टाळलं, आणि तेही मुद्दाम.

कारिओबांगीत, जिथं नैरोबीच्या मटाटूंना, म्हणजे भाड्याच्या मिनीबसना, नवी बॉडी चढते, रंग चढतो, दिवे लागतात, तिथं एका गल्लीच्या टोकाला कटुंगेची पत्र्याची शेड आहे. ती पोलादाला मुलामा देते. बंपर, जाळ्या, आरशांच्या दांड्या, बोडावाल्यांच्या, म्हणजे दुचाकीवर भाडं मारणाऱ्यांच्या, मोटरसायकलींचे सायलेन्सर. काळंकुट्ट, गंजकं लोखंड तिच्या दारात येतं आणि तीन दिवसांनी त्यात बघून भांग पाडता येतो. सगळे म्हणतात, काय क्रोम केलंय! तिला ते ऐकून राग येतो. क्रोम म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. खरी चकाकी खालच्या निकेलची, निकेलची सगळी इज्जत त्याच्याखालच्या तांब्याची, आणि तांबं बसतं कुणामुळे? ज्यानं चार तास बफावर, घासायच्या फिरत्या चाकावर, उभं राहून पोलाद घासलं त्याच्यामुळे. पाण्यातून काढलेल्या तुकड्यावर पाणी एकसंध पसरलं तर तो मुलाम्याच्या हौदात जायचा. पाण्याचा एक थेंब जरी गोळा होऊन बसला तरी तिथं तेल राहिलंय म्हणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून घासायचं. अशा थेंबावरून तिनं आख्खा बंपर गल्लीत फेकलेला लोकांनी पाहिलाय.

तिला सगळे 'फुंडी' म्हणतात. फुंडी म्हणजे कारागीर. आज म्हणतात, एका बाईला फुंडी म्हणायला इथल्या पुरुषांची जीभ पंधरा वर्षं जड होती.

एकोणिसाव्या वर्षी ती मचाकोसच्या डोंगराकडून शहरात आली आणि एका मुलाम्याच्या कारखान्यात झाडू मारायला लागली. बाईचा हात लागला की हौद नासतो, असं तिथला मुकादम म्हणायचा. ठीक आहे, हात नको लावू देऊस, डोळ्यांना कोण अडवतो? ती झाडत राहिली आणि बघत राहिली. कुठल्या हौदात किती वेळ, कुठल्या रंगाला बाहेर काढायचं, कुठला माणूस घाईत काय विसरतो. अकरा वर्षं. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी खुर्च्या नि पंखे उचलले. हिनं कोपऱ्यातला गंजलेला रेक्टिफायर, म्हणजे हौदाला वीज देणारा डबा, हातगाडीवर घातला आणि स्वतः ढकलत कारिओबांगीला आणला. लोक हसले. आज हसणाऱ्यांचे बंपर तिच्याच हौदात बुडतात.

त्या कारखान्यानं तिला कला दिली आणि तिचं नाक खाल्लं. हे बोलायची पद्धत म्हणून नाही सांगत, खरोखर खाल्लं. क्रोमच्या हौदावर पिवळट धुकं उठतं, ते वर्षानुवर्षं आत गेलं की नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं. तिला कसलाच वास येत नाही. म्हणून तिच्या शेडमध्ये क्रोमच्या हौदावर प्लॅस्टिकचे शेकडो चेंडू तरंगत असतात, धुकं खाली दाबून धरायला. आणि गल्लीतल्या कुणा मुलामेवाल्यानं घाण पाणी नाल्यात सोडलं, तर ती त्याच नाल्यातली बादली भरून त्याच्या दारात जाते. "पी," म्हणते. "पिऊन दाखव, मग सोड." या बाबतीत तिचं नि या सांगणाऱ्याचं चांगलं जमतं.

आता बोल्टाकडे या.

कटुंगेचा एक नेम होता. कुठलाही तुकडा ॲसिडमध्ये घालण्याआधी त्यावर एकदा कानस ओढायची. कानस चावली, तर पोलाद मऊ, बिनधास्त घाला. कानस काचेवरून सरकावी तशी सरकली, तर पोलाद कडक. आणि कडक पोलादाचा स्वभाव वाईट. ॲसिडमध्ये नि हौदात ते काहीतरी पिऊन घेतं. शिकलेले त्याला हायड्रोजन म्हणतात, कटुंगे म्हणते पोलादाला चढते. वरून ठणठणीत दिसतं, चकाकतं, आणि आतून खडूसारखं होतं. लगेच तुटत नाही, तीच तर खोड. ताण बसला की एक दिवस, दोन दिवस झुलवतं आणि मग आपोआप टक्कन मोडतं. उपाय एकच: मुलामा झाल्या झाल्या, हात सुकायच्या आत, ते चार-पाच तास भट्टीत ठेवायचं. घाम निघाला की उतरते.

आणि भट्टी कुणाची? सहा शेड पलीकडच्या मकोखाची. पावाची.

मकोखा हा पश्चिमेकडचा, बुंगोमाचा, धिप्पाड माणूस. पहाटे पाव भाजतो आणि मग ते मोटरसायकलवरच्या पत्र्याच्या पेटीत घालून वाटत फिरतो. दहाच्या सुमारास शेवटचे पाव निघाले की त्याच्या विटांच्या भट्टीत जी धग उरते, तीच नेमकी कटुंगेला हवी असते. ती झाकणाचा डबा घेऊन जायची, वर घासलेल्या पोलादाची एक पट्टी ठेवायची. पट्टी वाळलेल्या गवताच्या रंगाची झाली की बरोबर. निळी पडली तर दार उघडून थोडं थांबायचं. बारा वर्षं हे चाललं होतं. ती त्याला मानानं 'बाबा नेकेसा' म्हणायची, नेकेसा त्याची थोरली मुलगी. तो तिला 'फुंडी' म्हणायचा. ती त्याच्या भट्टीचं दार, चिमटे, पाव ठेवायच्या जाळ्या चकाकून द्यायची. हिशेब असा कधी झालाच नाही.

मग एका मंगळवारी मकोखाच्या दुकानात पाव घ्यायला आलेल्या कुणीतरी चेष्टा केली, की आज पावाला बंपरची चव आहे. चेष्टा तिथंच मेली असती. पण कटुंगे डबा घेऊन आत शिरली, आणि मकोखानं दहा माणसांसमोर ती पुन्हा जिवंत केली.

"ये, ये. लोक म्हणतायत माझा पाव दातांनी तोडायचा की पान्यानं खोलायचा?"

लोक हसले. कटुंगे हसली नाही.

"माझा डबा झाकणाचा आहे, बाबा नेकेसा. आणि तीनदा धुतलेला."

"अगं तुला काय कळणार वास? तुला तर–" आणि त्यानं आपल्या नाकाला बोट लावलं.

बस. पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून निघालंच नाही, पण निघाल्यासारखंच होतं. कटुंगेनं डबा उचलला.

"मकोखा," ती म्हणाली. बाबा नेकेसा नाही, नुसतं मकोखा. "तुझ्या भट्टीच्या दारात मी परत पाय ठेवला तर माझं नाव बदल."

"बदलतो! आत्ता बदलतो! आणि डबा नेताना माझी जाळी पण ने, मला नको तुझी चकाकी!"

गुरुवारी मुचिरी आला. मुचिरीची मटाटू 'सुलताना', तेहेतीस आसनांची, नुकती रंगवून घेतलेली. तिच्या दोन्ही कुशींवर वाघ होते आणि आत निळे दिवे. मुचिरी गाडी स्वतः चालवायचा, आणि लोक लेकराचं नाक पुसतात तसा थांब्याथांब्यावर उतरून फडक्यानं चाकं पुसायचा. चाकांचे नट कटुंगेनं आधीच करून दिले होते. पण नटातून बोल्टाचं जे टोक बाहेर येतं, ते काळं दिसतं म्हणून त्याच्या जिवाला चैन नव्हती. त्यानं चोवीस नवे बोल्ट कातून घेतले होते, आणि एक जास्तीचा. कातणारा ओगुटू सोबतच आला होता.

"बघ फुंडी, जुन्या लॉरीच्या एक्सलचं पोलाद," ओगुटू छाती फुगवून म्हणाला. "हत्ती बांध, तुटायचं नाही. तीन पाती झिजली माझी हे कातताना."

तीन पाती झिजली. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. कटुंगे मात्र झाली नाही. आमच्याकडे सगळं भंगारातूनच होतं, आणि जितकं कडक तितकं चांगलं हा आमचा धर्म. पण मुलाम्याच्या हौदाला हा धर्म मान्य नाही. जितकं कडक, तितकी जास्त चढते.

कानस खिळ्याला टांगलेली होती. हात लांब केला की मिळेल अशी. तिनं तिच्याकडे बघितलं. कानस ओढली आणि सरकली, तर भट्टी. भट्टी म्हणजे मकोखा. मकोखा म्हणजे ते नाकावरचं बोट.

"बोल्टच तर आहेत," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. "उद्या दुपारी ने."

कानस खिळ्यावरच राहिली.

शुक्रवारी सकाळी बोल्ट तयार झाले. असे झाले की मुचिरीनं एकेक उचलून त्यात आपले दात बघितले. संध्याकाळच्या आत ते सुलतानाच्या चाकांत बसले. पंचविसावा बोल्ट कटुंगेनं ठेवून घेतला. ही तिची जुनी सवय: चांगल्या कामातला एक तुकडा दारावरच्या जाड लोखंडी पट्टीत घालून, मागून नट पक्का आवळून टाकायचा. पट्टी म्हणजे तिची पाटी. नाव लिहिलेलं नाही, पण लांबूनच कळतं की ही फुंडी कटुंगेची शेड. तिनं पान्यानं नट आवळला, चाकाचा आवळतात तसा. रागात होती, त्यामुळे जरा जास्तच.

शनिवारी सकाळी आठ वाजता ती दाराखाली खुर्ची टाकून चहा पीत होती. गल्ली अजून जांभया देत होती. आणि डोक्यावर आवाज झाला.

टक्.

काहीतरी तिच्या खांद्याला लागून मातीत पडलं. तिनं खाली बघितलं. नट. नटाच्या आत बोल्टाचं शेपूट. तिनं ते उचललं आणि तुटलेलं तोंड उन्हाकडे धरलं. ताणून तुटलेलं पोलाद निमुळतं होतं, ओढलेल्या कणकेसारखं. हे सपाट होतं, करडं, साखरेच्या खड्यासारखं दाणेदार. तिनं असं तोंड आधी एकदाच बघितलं होतं, कारखान्यात, एका पेटीभर स्प्रिंगा बसल्या जागी तुटल्या होत्या तेव्हा.

चहा कुठं सांडला तिला कळलं नाही. सुलताना सात वाजता निघाली होती. चर्चचा गायनमेळा घेऊन, मचाकोसला, दुसऱ्या चर्चच्या सणाला. तीस बाया नि पुरुष, पांढऱ्या-जांभळ्या झग्यांत. मोंबासा रस्त्यानं, त्या राक्षसासारख्या ट्रकांच्या मधून.

तिनं मुचिरीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. सुलतानातल्या भोंग्यांचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. त्यात फोन काय, ढगफुटी ऐकू यायची नाही.

गल्लीत त्या वेळी चालू असलेलं एकच इंजिन होतं. मकोखाची मोटरसायकल, मागे पावांनी भरलेली पेटी, आणि वर मकोखा, निघायच्या तयारीत.

कटुंगे त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. हातात तुटका बोल्ट.

मकोखानं वर बघितलं. "अरे वा. नाव काय ठेवू मग तुझं?"

"काय ठेवायचं ते ठेव. आधी गाडी काढ."

"पाव द्यायचेत मला. शाळेचे पाव–"

"बाबा नेकेसा." ती म्हणाली. "मी ते भाजले नाहीत. तुझ्या भट्टीत यायला नको म्हणून कानससुद्धा लावली नाही. चोवीस. मुचिरीच्या चाकांत."

तिनं तळहात उघडला. मकोखा बारा वर्षं तिचे डबे भट्टीत ठेवत होता. तुटकं तोंड बघितल्यावर त्याला दुसरं काही सांगावं लागलं नाही. तो चेष्टा विसरला, शाळा विसरला.

"बस," तो म्हणाला. "घट्ट धर. पेटीला नको, मला धर."

आउटर रिंग रस्त्यावर त्यानं ती पावाची मोटरसायकल अशी हाणली की मागून बोडावाले शिट्ट्या मारायला लागले. पेटीचं झाकण फडफडत होतं. कटुंगे एका हातानं त्याचा सदरा धरून होती, दुसऱ्या हातानं फोन कानाला.

"उचलला?"

"नाही."

"मंगळवारी मी जे बोललो–"

"पुढं बघ!"

"पुढंच बघतोय. ते बोट. मी लावायला नको होतं."

"मकोखा, मी मेल्यावर माफी माग! ट्रक बघ!"

मोंबासा रस्त्याला लागल्यावर एके ठिकाणी रस्त्याकडेला गर्दी दिसली. माणसं खड्ड्यात वाकून बघत होती. मकोखाचा हात ब्रेकवर आपोआप गेला. कटुंगेनं डोळे मिटले. आयुष्यात कधी देवाकडे बोल्टासाठी काही मागितलं नव्हतं. त्या दहा पावलांत तिनं चोवीसच्या चोवीस मागून घेतले. तुटू देत, हवं तर सगळे तुटू देत, फक्त उभ्या गाडीचे.

"शेळी," मकोखा म्हणाला.

"काय?"

"शेळी पडलीय खड्ड्यात. दोरानं काढतायत. डोळे उघड."

तिनं उघडले. शेळी वर आली होती आणि सगळ्यांवर खेकसत होती. कटुंगेला हसू फुटलं आणि ते थांबेना. मकोखाच्या पाठीवर डोकं ठेवून ती हसत राहिली, की रडत, हे त्यालाही कळलं नाही.

अथी रिव्हरच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर वाघ दिसला. मग दुसरा वाघ. सुलताना उभी होती. चारही चाकांवर उभी होती. झगेवाल्या बाया सावलीत बसून एकमेकींच्या वेण्या नीट करत होत्या. मोटरसायकल पूर्ण थांबायच्या आत कटुंगे उतरली आणि चाकांकडे धावली.

मुचिरी मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला होता. हातात फडकं. फडक्यात दोन नट, आणि नटांच्या पोटात बोल्टांची शेपटं.

ऐकलंत? हा माणूस चाकं पुसायला उतरला होता. रस्त्यात तिसऱ्यांदा. पुसता पुसता नट फडक्यात आला. ज्या हौसेपायी त्यानं तीस माणसं मरणाच्या दाढेत बसवली, त्याच हौसेनं त्याला वेळेवर खाली उतरवलं. आता अशा माणसाला शिव्या द्यायच्या की मिठी मारायची, तुम्हीच ठरवा.

तो मात्र शिव्या द्यायच्याच तयारीत होता. "बघ! बघ तुझं काम, फुंडी! नाही, ओगुटूचं काम! हत्ती बांध म्हणे! दोन गेले!"

"ओगुटूचं नाही. माझं."

"असो. चार आहेत अजून. चारांवर जातं चाक. मचाकोसपर्यंत हळू नेतो, तिथं–"

"एक इंचसुद्धा न्यायची नाही."

"अगं नऊची वेळ दिलीय! आता वाजलेत किती! तीस माणसं उन्हात–"

"उन्हात आहेत ना? असू देत. हातोडी कुठंय तुझी?"

"कशाला?"

"कुठंय?"

मुचिरीनं सीटखालून हातोडी काढून दिली, जरा मागे सरकून. कटुंगे चाकापाशी बसली. तिनं जोर लावला नाही. अंड्याला मारावी तशी एक टिचकी तिनं तिसऱ्या बोल्टाच्या टोकाला दिली.

टक्.

नट मातीत पडला. चकाकत होता. मागे वेणी घालणाऱ्या एका बाईचे हात हवेतच थांबले.

कटुंगेनं चौथ्याला टिचकी मारली. तो तुटला नाही. पाचवा तुटला.

मुचिरी खाली बसला, सरळ मातीत, इस्त्रीच्या पँटीसकट. "चार आहेत म्हणालो होतो मी," तो हळूच म्हणाला. "चार."

गायनमेळ्याची शिक्षिका पुढे आली, जाडजूड, चष्म्याची बाई. तिनं मातीतला नट उचलला, आत बघितलं आणि मुचिरीकडे वळली. "मुला, याच्यावर बसवून तू आम्हाला नेत होतास?"

"चूक त्याची नाही, बाई," कटुंगे म्हणाली. "कडक पोलाद मुलाम्यानंतर भाजावं लागतं. मला माहीत होतं. आमच्या गल्लीत ते मला एकटीला माहीत आहे. मी भाजलं नाही."

"का नाही भाजलंस?"

खोटं बोलायला तिथं खूप जागा होती. भट्टी बंद होती, लाकूड नव्हतं, मुचिरीला घाई होती. कटुंगेनं मकोखाकडे बघितलं. मकोखा पेटीच्या कडीशी उगाच चाळा करत होता.

"रुसले होते," ती म्हणाली.

बाईनं नट उन्हाकडे धरून पुन्हा एकदा बघितला. मग तिच्या चष्म्याखालून एक थेंब ओघळला आणि ती हसायला लागली. "रुसली होती! ऐकलंत का गं? आपण आज रुसव्यानं मरणार होतो!" आणि तो हशा एकीकडून दुसरीकडे असा पसरत गेला, की सावलीतल्या सगळ्या बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. वाचलेली माणसं अशीच हसतात. त्यात विनोद लागत नाही.

मग कामं झाली. पंपामागच्या गॅरेजवाल्याकडे साधे, काळे, कारखान्याचे बोल्ट होते. चारही चाकं एकामागून एक उतरली. चकाकणारे उरलेले वीस बोल्ट कटुंगेनं स्वतः मोजून बाहेर काढले, काही काढताना तुटले, काही टिचकीनं, आणि काही मेले तरी तुटेनात. जे तुटले नाहीत त्यांच्याकडे ती सर्वांत जास्त रागानं बघत होती. त्यांना आता भाजून काही उपयोग नव्हता; भट्टीची वेळ शुक्रवारी सकाळी होती, ती गेली. तिनं सगळे पोत्यात भरले.

त्या दोन तासांत मकोखानं पेटी उघडली. शाळेचे पाव गायनमेळ्यात वाटले गेले. शाळेला तो सोमवारी काय सांगणार होता ते त्याचं तो जाणे.

मंगळवारची चेष्टा कानावर आलेल्या एका तरण्या गायकानं पाव चावता चावता विचारलं, "काका, याला बंपरची चव का नाही?"

मकोखाचा हात हवेत थांबला. त्यानं कटुंगेकडे बघितलं. कटुंगेनं पावाचा मोठा लचका तोडला, सावकाश चावला, गिळला.

"कारण चार दिवस त्याच्या भट्टीत बंपर गेला नाही," ती म्हणाली. "म्हणून बेचव लागतोय."

मकोखा असा हसला की पंपावरचे लोक वळून बघायला लागले. "फुंडी," तो म्हणाला, "सोमवारी डबा घेऊन ये. नाहीतर नाव बदलतो."

तिला पावाचा वास आला नाही, तो आता जन्मात येणार नाही. पण पाव अजून कोमट होता, आणि ती कोमट ऊब दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ सावलीत बसून राहिली. सुलताना काळ्या बोल्टांवर निघाली. आत गाणं सुरू झालं, भोंग्यांतलं नव्हे, बायांच्या गळ्यातलं. मुचिरीनं खिडकीतून डोकं काढून एकदा चाकांकडे बघितलं, काळ्या टोकांकडे, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"टोप्या करून देते!" कटुंगे ओरडली. "नटांवर चढवायच्या, पातळ पत्र्याच्या. टोपी हवी तेवढी चकाकू दे. आत काळंच राहू दे!"

"दोन दिवसांत?"

"जा रे आधी!"

आता तिच्या शेडच्या दारावर पट्टी तशीच आहे. एका भोकात पंचविसाव्या बोल्टाचं तुटकं डोकं आहे. तिनं ते काढलं नाही. नवं गिऱ्हाईक विचारतं, फुंडी, हे मोडकं कशाला लावलंय, खाली पडेल. ती म्हणते, ते पडून झालंय. कानस आता खिळ्यावर नसते, दोरीनं तिच्या गळ्यात असते. आणि ओगुटू बोल्ट कातायला बसला की ती पलीकडून ओरडते, कुठल्या लॉरीचं पोलाद आहे रे ते? तो वैतागून उत्तर देतो. पण देतो. दहाच्या सुमारास ती झाकणाचा डबा घेऊन निघते, आणि सहा शेड पलीकडून मकोखाचा आवाज येतो: "आली बंपरवाली! पाव लपवा!"

मी तुमच्याकडे काही फार मागत नाही. तुम्ही ज्या गावात असाल, ज्या गाडीत चढत असाल, चढण्याआधी एकदा वाका. चाकाचे बोल्ट चकाकताना दिसले, तर चालवणाऱ्याला मान देऊन, पण मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: मुलामा दिल्यावर हे भाजून घेतले होते का? त्याला उत्तर देता आलं नाही, तर उतरा. तुमच्यामागे चढलेल्यांनाही उतरवा. लोक हसतील. हसू द्या त्यांना, पण खाली उतरून हसू द्या.